हवा वर येईपर्यंत

गाडीच्या डाव्या अंगाला बसा. पाट घ्या, नाहीतर पेपरची घडी.

मे महिन्यातला रविवार आहे. लालबागमधल्या चाळीचं आवार आहे. ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलेलं नाही. मसाल्याच्या दुकानांतले डंक सुरू व्हायला अवकाश आहे, पण काल कुटलेल्या मिरचीचा वास हवेत आहेच.

एक श्वास घ्या. ठसका लागला तर लागू द्या. पुन्हा एक श्वास घ्या.

चिंचपोकळीकडून लोकल जाते. तिला जाऊ द्या.

आता समोर पाहा.

आवारात गाड्या ओळीने लागल्या आहेत. स्प्लेंडर, पल्सर, एक जुनी बुलेट. या सगळ्यांचा क्लच केबलवर चालतो. तुमच्या समोर आहे ती सुझुकीची हायाबुसा, १३४० सीसीची. २००४ मध्ये ‘धूम’ आला आणि हिचं नाव गल्लीतल्या पोरासोरांच्या तोंडी बसलं. हिच्या क्लचला केबल नाही. हँडलपासून इंजिनापर्यंत एक बारीक पाइप जातो आणि त्यात तेल असतं.

परवा हिचा क्लच बदलला. प्लेटा नव्या, खालच्या सिलिंडरचं सील नवं, तेल नवं. आणि आता लिव्हर मऊ लागतोय. दाबला की सरळ हँडलला जाऊन टेकतो. पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते. न्यूट्रल सापडत नाही.

मनात लगेच गर्दी होते. सील उलटं बसलं असेल का? प्लेटा चुकल्या असतील का? पुन्हा सगळं खोलावं लागणार का?

हे प्रश्न येतील. त्यांना आवाराच्या कठड्यावर बसू द्या. आपण गाडीपाशी बसू.

पाना पिशवीतच राहू दे. अजून काहीही उघडायचं नाही.

डावा हात हँडलवर ठेवा. बोटं लिव्हरवर. दाबू नका, नुसती ठेवा. सकाळचा धातू गार लागतो. तो गारवा बोटांत येऊ द्या.

थांबा.

आता दाबा. हळू. अगदी हळू.

नीट चालणाऱ्या क्लचमध्ये लिव्हर थोडासा मोकळा सरकतो आणि मग जोर लागायला लागतो. तो जोर सलग असतो, शेवटपर्यंत एकसारखा. इथे तसं होत नाही. अर्धी वाट काहीच लागत नाही. मग काहीतरी लागतं, पण ते घट्ट नाही, लिबलिबीत आहे.

कुठून लागायला सुरुवात झाली? ती जागा बोटांना कळू द्या.

सोडा. पुन्हा दाबा. पुन्हा सोडा.

आता चार-पाच वेळा भरभर दाबा आणि शेवटच्या वेळी धरून ठेवा. लिव्हर पहिल्यापेक्षा जरा वरच अडतो का? अडला, तर बोटांनी तुम्हाला बरंच काही सांगितलं आहे. आत हवा आहे.

हात खाली घ्या. मांडीवर ठेवा.

डोळे मिटा आणि तेलाच्या वाटेने चालू लागा.

हँडलवर तेलाची छोटी टाकी आहे. टाकीच्या तळाला दोन भोकं. त्यातलं एक इतकं बारीक की सुईचं टोक जेमतेम जावं. खाली एक आडवं सिलिंडर, त्यात एक दट्ट्या. तुम्ही लिव्हर दाबता, दट्ट्या सरकतो, ते बारीक भोक ओलांडतो. त्या क्षणी टाकीशी असलेली वाट बंद होते. पुढचं तेल आता कोंडलेलं आहे.

कोंडलेलं तेल पाइपातून खाली येतं. हँडलपासून वळतं, पेट्रोलच्या टाकीच्या कडेने उतरतं, इंजिनाच्या डाव्या बाजूला, चेनच्या पुढच्या चाकापाशी पोचतं. तिथे दुसरं सिलिंडर. तिथला दट्ट्या वरच्यापेक्षा रुंद आहे. तो एक सळई ढकलतो. ती सळई गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या पोटातून आरपार उजवीकडे जाते आणि एकमेकींना चिकटून बसलेल्या प्लेटा मोकळ्या करते.

किती मोकळ्या? जेमतेम दोनेक मिलिमीटर.

इथे थांबा. या दोन मिलिमीटरपाशी थोडं बसा.

एवढ्या मोठ्या गाडीचं थांबणं आणि निघणं या एवढ्याशा फटीवर आहे. सिग्नलला उभं राहता येणं या फटीवर आहे. वरच्या दट्ट्याने लोटलेलं थोडंसं तेल खालपर्यंत पुरं पोचलं, तरच ही फट उघडते.

आता त्या वाटेत कुठेतरी एक बुडबुडा बघा.

तेल दाबलं तर आक्रसत नाही. जेवढा दाब एका टोकाला, तेवढाच सगळीकडे. पास्कालने हे सतराव्या शतकात लिहून ठेवलं. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. हवेचा स्वभाव निराळा. दाबली की ती लहान होते, सोडली की पुन्हा फुगते. रॉबर्ट बॉइलने तो नियम १६६२ मध्ये छापला. एका वर्षाच्या अंतराने आलेली ही दोन पानं तुमच्या डाव्या हाताच्या चार बोटांखाली एकत्र आली आहेत.

तुम्ही दाबता. बुडबुडा लहान होतो. तुमच्या हाताचा जोर त्याला लहान करण्यात संपतो. दोन मिलिमीटरपैकी काही तिथेच राहतं. प्लेटा पुऱ्या सुटत नाहीत, आणि गाडी ओढत राहते.

तो बुडबुडा मोडलेला भाग नाही. तो फक्त चुकीच्या जागी आहे.

हे एकदा मनात म्हणा. आणि श्वास सोडा.

या भागातल्या माणसांना यंत्राशी असं बसायची सवय होती. परळ, लालबाग, चिंचपोकळी म्हणजे गिरणगाव. साच्यांच्या गदारोळात उभा असलेला विणकर नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आपल्या साच्याचं काहीतरी बिनसलंय. फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे त्या गिरण्या पहिल्यासारख्या कधी चालल्याच नाहीत. चिमण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. पण ऐकण्याची ती रीत मला फार मोलाची वाटते. ती कुठल्या पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. ती हातांत होती आणि कानांत होती.

तुमचे हातही ऐकू शकतात. त्यांना वेळ द्या.

आता डोळे उघडा. काही खोलण्याआधी पाहायचं तेवढं पाहून घेऊ.

वरच्या सिलिंडरपाशी पाइप जिथे बसतो, तिथला बँजो बोल्ट पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर आहे. बोट फिरवा. कोरडं आहे? छान. खाली उतरा. खालच्या सिलिंडरच्या कडेने बोट फिरवा. तेही कोरडं? मग बाहेर काही गळत नाही. आत राहिलंय, ते बाहेर काढायचं आहे.

गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा. हँडल थोडं वळवून तेलाची टाकी सपाट आणा.

पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं अंथरा. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. हे तेल रंग खातं. थेंब पडला तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

तेलाच्या टाकीचं झाकण काढा. आधी झाकणावर लिहिलेलं वाचा: डॉट ४. गॅरेजमध्ये याला ब्रेक ऑइल म्हणतात, क्लचलाही तेच चालतं. काही परदेशी गाड्यांच्या क्लचमध्ये मात्र मिनरल ऑइल असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं की सील फुगतात आणि सगळं मुळापासून करावं लागतं. म्हणून झाकण वाचा. रोज पाहिलेलं असलं तरी आज वाचा.

आत पाहा.

तेल पिवळसर आहे, स्वच्छ आहे, हलत नाही. त्यात आवाराच्या वरचा आकाशाचा तुकडा दिसतो.

तुमचा श्वास पृष्ठभागावर पडणार नाही इतके बाजूला सरका. आणि लिव्हर थोडासाच दाबा, बोटाच्या पेराएवढा.

तळातल्या बारीक भोकातून तेलाची एक छोटी उसळी येते. पृष्ठभाग थरथरतो. म्हणजे ते भोक मोकळं आहे. ही उसळी दिसली की माझं निम्मं ओझं उतरतं. लिव्हर सोडलेला असताना दोन्ही बाजूंचं तेल याच वाटेने एकमेकांना भेटतं, आणि वर आलेली हवा याच वाटेने बाहेर पडते.

सोडा. थांबा.

एक बुडबुडा वर येतो. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. पृष्ठभागाला टेकतो, क्षणभर राहतो, नाहीसा होतो.

पुन्हा तेवढंच दाबा. सोडा. थांबा.

दुसरा येतो.

घाई केलीत, भसाभसा दाबलंत, तर मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतील आणि तेल दुधासारखं धुरकट दिसेल. मग त्यांना एकत्र यायला वेळ लागतो. म्हणून हळू.

दाबा. सोडा. थांबा.

पाइप वरच्या बोल्टपाशी कमान घेतो. हवा हलकी, ती चढत चढत त्या कमानीत जाऊन बसते आणि तिथून हलायचं नाव घेत नाही. बोल्टवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा. पाइपावरून खालून वर बोटांनी टिचक्या मारत या. केईएममध्ये सिस्टर सलाइनच्या नळीला टिचकी मारते ना, अगदी तेवढ्याच हलक्या हाताने.

टिचकी. थांबा. पाहा.

येतोय का? येतोय.

असे येत राहतील तोवर बसा. मोजू नका. आवारात कुणीतरी बादली ठेवतं, वरच्या गॅलरीतून कुणीतरी हाक मारतं, उड्डाणपुलावरून गाड्यांचा आवाज सुरू होतो. तुमची नजर त्या इवल्याशा तेलाच्या चौकोनावर आहे. तिथे परत या.

मग कधीतरी बुडबुडे थांबतात.

आता खाली चला.

खालच्या सिलिंडरवर रबरी टोपी घातलेलं एक निप्पल आहे. टोपी काढा. त्यावर रिंग पाना चढवा, बहुधा आठ नंबरचा लागतो. मग निप्पलवर पारदर्शक नळी घट्ट बसवा, माशांच्या टाकीला लावतात ती चालते. नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा. बाटलीत थोडं तेल आधीच असू द्या आणि नळीचं तोंड त्यात बुडलेलं असू द्या.

आता हात आणि श्वास एका लयीत आणा.

श्वास आत. लिव्हर दाबा, आणि धरून ठेवा.

निप्पल पाव फेरा उघडा. लिव्हर हँडलपर्यंत जातो. नळीतून तेल सरकतं.

निप्पल बंद करा.

श्वास बाहेर. लिव्हर सोडा.

क्रम हाच. निप्पल बंद केल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही, नाहीतर गेलेली हवा त्याच वाटेने परत आत येते.

पुन्हा. श्वास आत, दाबा, धरा. उघडा. बंद. श्वास बाहेर, सोडा.

नळीकडे पाहा. पिवळसर तेलात एक रिकामी जागा सरकत येते, दोन्ही बाजूंनी गोल, मधे पारदर्शक. तीच ती. त्या जागेत तुमचा गेलेला जोर होता.

तिला नळीतून जाताना पाहा. बाटलीत पोचते. बुडुक.

पुन्हा.

अधूनमधून वरच्या टाकीत डोकवा. पातळी खालच्या खुणेच्या वर हवी. टाकी कोरडी पडली की वरून नवी हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर थोडं तेल ओता, सीलबंद बाटलीतलं.

डॉट ४ तेल हवेतली वाफ ओढून घेतं. कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. इथल्या हवेचा विचार करा. महिन्याभरात पाऊस येईल. हिंदमाताला पाणी भरेल, चाळीच्या भिंती घामेजतील, कपड्यांना कुबट वास येईल. उघडी राहिलेली बाटली त्याच हवेत असेल. दर दोन वर्षांनी हे तेल बदलावं, पाऊस पडायच्या आधी बदललं तर उत्तम.

परत नळीकडे या.

श्वास आत. दाबा, धरा. उघडा. बंद. श्वास बाहेर. सोडा.

आता नळीत सलग तेल आहे. एकही रिकामी जागा नाही. आणखी दोन फेऱ्या करा, मग निप्पल बेताने कसा. ते नाजूक असतं, ताकद लावू नका. टोपी घाला.

लिव्हर दाबून पाहा.

वर आला आहे का? थोडा आला आहे. पण अजून त्या पहिल्या मोकळ्या वाटेनंतर किंचित मऊपणा आहे.

निराश होऊ नका. काही हवा अशी असते की ती ओढून निघत नाही. पाइपाच्या आतल्या अंगाला बारीक बारीक चिकटून राहते.

टाकीचं झाकण नुसतं वर ठेवा. लिव्हर पूर्ण दाबा आणि सुतळीने हँडलला बांधून टाका. मग उठा.

चहा प्या. जेवा. गाडीला तसंच राहू द्या, जमलं तर रात्रभर. आतला दाब त्या बारीक बुडबुड्यांना आणखी बारीक करतो, त्यांची पाइपावरची पकड सुटते आणि ते हळूहळू वरच्या बाजूला गोळा होतात. सकाळी सुतळी सोडली की वाट उघडते आणि ते टाकीत निघून जातात. काही जाणकार या उपायाला मानत नाहीत. मी मानतो. यात माणसाला काहीही करायचं नसतं, आणि तेच अवघड जातं.

सुतळी सोडताना टाकीत पाहा. लिव्हर हळू मागे येऊ द्या. दोन-चार बुडबुडे. बस.

आता दाबा.

थोडी मोकळी वाट. आणि मग जोर. सलग, एकसारखा, शेवटपर्यंत.

हा जोर ओळखा. त्याला बोटांत ठेवा.

हा आला नाही, तर बोटांना पुन्हा विचारा. लिव्हर धरून ठेवला आणि तो आपोआप हळूहळू हँडलकडे बुडत गेला, तर कुठलं तरी सील तेल सोडतंय; बाहेर सगळं कोरडं असेल, तर ते बहुधा वरच्या दट्ट्याचं. लिव्हर छान घट्ट आहे पण गाडी तरीही ओढते, तर तेलाची वाट चांगली आहे, पाहायचं ते उजवीकडे: प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का, क्रम बरोबर आहे का, सळई जागेवर आहे का.

आणि उलटी तक्रार असेल, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर क्लच सरकतोय. इंजिनात चारचाकीचं ऑइल गेलंय का पाहा. ओल्या क्लचच्या गाडीला बाटलीवर जासो एमए लिहिलेलं लागतं. हे सरकणं गाडी तापल्यावरच होत असेल, तर त्या बारीक भोकापाशी परत या. नवा लिव्हर बसवला असेल आणि त्याला अजिबात ढील नसेल, तर दट्ट्या पुरता मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं, तापलेलं तेल फुगतं आणि त्याला जायला जागा उरत नाही. मग कुणीही न दाबता क्लच दाबला जातो.

म्हणून ती सुरुवातीची मोकळी वाट. ती पुन्हा एकदा बोटांनी पाहा. ती असायलाच हवी.

टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याहून वर नको. झाकणाखालचं रबर बसवा, झाकण बसवा. सगळीकडे पाणी ओता, मग पुसा.

मागचं चाक स्टँडवर अधांतरी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा. लिव्हर दाबा, तीन श्वास थांबा, पहिला गिअर टाका. ठक्क असा एकच आवाज येतो. चाक इंजिन ऑइलच्या ओढीने थोडं फिरेल, पण पायाने ब्रेक लावला की सहज थांबतं. इंजिन दबत नाही. पायाच्या टोकाने न्यूट्रल शोधा. हिरवा दिवा लागतो.

आता गाडी खाली घ्या आणि भारतमाता सिनेमापर्यंत एक चक्कर मारून या. दर सिग्नलला न्यूट्रल करून पाहा.

आल्यावर बँजो बोल्टखाली पुन्हा बोट फिरवा. कोरडं असेल तर काम झालं. ओलं लागलं तर नवे वॉशर लागतील. ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, तेव्हा सोमवारी जा, आणि वॉशर घेताना जुना सोबत न्या, माप तिथेच लावून बघता येतं.